रिकाम्या सीटचा बझर

दार ओढून घे रे. कडी नको, नुसतं ओढ. आणि तो मोबाइल पालथा ठेव. खालून उजेड पडला की तुमचीच तोंडं भुतासारखी दिसतात, मग मला सांगायला काय उरलं?

तुमची आई म्हणाली, पोरांना नोकरी लागल्याचं ऐकून मामा काही बोलले नाहीत. खरं आहे. परवापासून तुम्ही दोघं त्या सोलर प्लांटवर जाणार, म्हणून बोलायचं ते आज बोलतो. यात पडकं घर नाही, जुनी विहीर नाही, पांढऱ्या कपड्यातली बाई तर नाहीच नाही. एक गाडी आहे आणि एक फिटर आहे. फिटर म्हणजे आमचे साडू, तुमच्या मामीच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्याबाबतीत घडलेलं आहे, त्यामुळे मध्येच हसायचं नाही.

जानेवारीतला शनिवार होता. रात्रीचे साडेअकरा वाजून गेलेले, थंडी मरणाची, आणि आकाशात चंद्र नव्हता. साडू प्लांटच्या गॅरेजमध्ये रिकाम्या डब्यात निखारे घालून हात शेकत बसले होते. तेवढ्यात साइटच्या साहेबांचा फोन आला.

"फिटर, वरच्या टप्प्यावर बेडूक उभा आहे. तो खाली घेऊन या."

"ड्रायव्हर कुठं गेला साहेब?"

"पळाला. म्हणे बझर थांबत नाही. उद्या सकाळी वरचे लोक पाहणीला येताहेत, गाडी धुऊनपुसून गेटवर दिसली पाहिजे. आणि तो बझर तोडून टाका एकदाचा."

"बरं साहेब."

एका बझरची वायर तोडायची आणि गाडी खाली आणायची. एवढंच काम. साडूंनी पक्कड खिशात टाकली, टॉर्च घेतली, मफलर गुंडाळला आणि निघाले.

आता बेडूक म्हणजे काय ते सांगतो. प्लांट होता माळरानाच्या उतारावर. खालपासून वरपर्यंत काचेच्या पॅनेलच्या रांगा, आणि रांगांच्या मधून खडीचे अरुंद रस्ते. पॅनेलवर धूळ बसली की वीज कमी होते, म्हणून ती धुवायची. पण दिवसा धुता येत नाहीत, तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की काच तडकते. म्हणून सगळं काम रात्री. त्यासाठी एक उघडी, बुटकी, चार चाकांची गाडी होती. पुढे दोघांची जागा, मागे छोटा हौदा, डोक्यावर लोखंडी पाइपांचा सांगाडा. हिरवा रंग, पुढे दोन मोठे दिवे आणि खडीवरून उड्या मारत चालायची. म्हणून बेडूक.

ती गाडी बनवणाऱ्याने हौद्यात हत्यारं, दोऱ्या असलं सामान ठेवायला बनवली होती. आमच्या शहाण्यांनी त्यात पाण्याची टाकी बसवली. भरलेली टाकी एक वेळ परवडली, पाणी गप्प बसतं. टाकी अर्धी झाली की पाणी इकडून तिकडे धावायला लागतं. वळणावर पाणी ज्या बाजूला गेलं, त्या बाजूला गाडी त्याच्या मागे निघाली. हे कळायला काही फार शिकावं लागत नाही, भरलेली बादली आणि अर्धी बादली घेऊन जिना चढून बघा.

गाडीला दोन्ही बाजूंना जाळ्या होत्या, बसलेल्या माणसाचा हातपाय बाहेर जाऊ नये म्हणून. आणि बेल्ट होते. सीटवर कुणी बसलं आणि बेल्ट लावला नाही, तर समोर त्या सीटचा लाल दिवा लागायचा आणि बझर टुंटुं करत कान खायचा. पण प्रत्येक रांगेला उतरायचं, पाइप ओढायचा, परत चढायचं. जाळी उघड, बेल्ट काढ, बेल्ट लाव, जाळी बंद कर. साहेबांना यात वेळ वाया जाताना दिसायचा. त्यांनी जाळ्या काढायला लावल्या. साडूंनी काढल्या आणि गॅरेजच्या मागे नेऊन टाकल्या. मग सगळ्यांनी बेल्ट पाठीमागून घेऊन खटक्यात अडकवायला सुरुवात केली. बझरही गप्प आणि माणूसही मोकळा. अशी युक्ती आपल्याकडे कुणाला शिकवावी लागत नाही.

एकच माणूस होता जो बेल्ट लावायचा. ड्रायव्हर होता, उंच म्हणजे किती, बेडकात बसला की गुडघे स्टिअरिंगच्या वर यायचे. त्याला सगळे लंबूच म्हणत. त्याची बायको घरी शिवणकाम करायची. रोज रात्री तो निघाला की मशीनवरची मान वर न करता म्हणायची, "पट्टा लावा." तो म्हणायचा, "लावतो." आणि खरोखर लावायचा. प्रत्येक रांगेला काढायचा, प्रत्येक रांगेला लावायचा. बाकीचे त्याची टर उडवायचे, विमान चालवतोय जणू. त्याच्या रांगा सगळ्यांत कमी व्हायच्या.

साहेबांना ते खपेना. एक दिवस त्यांनी साडूंना बोलावलं. "फिटर, त्या ड्रायव्हरच्या सीटचा बेल्ट मागे अडकवा आणि प्लास्टिकच्या पट्टीने पक्का बांधून टाका. म्हणजे नाटकं बंद."

साडू म्हणाले, "साहेब, तो लावतो तर लावू दे की."

साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्या निवृत्तीला किती राहिलीत वर्षं?"

साडूंनी बेल्ट बांधून टाकला.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. आठवड्याच्या आत बेडूक वरच्या टप्प्याच्या वळणावर कलला. टाकी अर्धी होती. लंबूबरोबर एक मदतनीस होता, तो बाहेर फेकला गेला, खांद्याचं हाड मोडलं पण वाचला. आणि लंबूने काय केलं? आपण सगळे सायकलवर वाढलेलो. सायकल कलली की पाय टेकवतो, मोटरसायकल कलली की पाय टेकवतो. त्याने गाडी सावरायला उजवा पाय बाहेर टाकला. एवढं वजन पायाने सावरायला. जाळी असती तर पाय बाहेर गेलाच नसता. सांगाड्याचा पाइप मांडीवर आला, आणि टाकीसकट सगळी गाडी त्यावर.

मदतनीस तुटक्या खांद्याने धावत खाली आला. साडू आणि आणखी तिघं जॅक घेऊन वर गेले, तोवर बराच वेळ गेला होता. फुटलेल्या टाकीचं पाणी लंबूच्या अंगावरून वाहत होतं आणि तो पाणी मागत होता. साडू त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. तो शुद्धीवर होता. म्हणाला, "घरी सांगू नका. ती घाबरेल." दोनदा म्हणाला. गाडी उचलली तेव्हा उजवा पाय मांडीपासून निघाल्यातच जमा होता. गेटपर्यंत नेईस्तोवर सगळं संपलं.

आणि त्याच रात्री, तो थंड व्हायच्या आत, साहेबांनी साडूंकडून जाळ्या परत बसवून घेतल्या. प्लास्टिकची पट्टी कापून घेतली. सकाळी चौकशीवाले आले. जाळ्या जागेवर, बेल्ट जागेवर. साहेब म्हणाले, सगळं होतं, माणसाने वापरलं नाही. साडूंना विचारलं. त्यांनी खाली बघून मान हलवली.

लंबूची बायको गेटशी उभी होती. तिने साडूंना गाठलं. "भाऊ, मला खरं सांगा. ते पट्टा लावत नव्हते?"

साडू म्हणाले, "त्या रात्री नव्हता लावला, वहिनी."

शब्द खरा होता. म्हणूनच तो इतका घाणेरडा होता. ती बाई रडली नाही. म्हणाली, "म्हणजे रोज मला खोटं सांगून जायचे." त्यानंतर तिने नवऱ्याचा फोटोही भिंतीवर लावला नाही. कुणी विषय काढला तर म्हणायची, "मी रोज सांगत होते. त्यांना माझं ऐकायचंच नव्हतं." मेलेल्या माणसावर ती रागावून बसली होती, आणि राग खोटा आहे हे साडूंना माहीत होतं. ते तोंडात गुळणी धरून बसले.

बेडकाचा सांगाडा ठोकून सरळ केला, रंग मारला, नवी टाकी बसवली. महिना गेला नाही तोच जाळ्या निघाल्या, ड्रायव्हरचा बेल्ट पुन्हा मागे बांधला. बांधणारे हात तेच. फरक एकच, आता ड्रायव्हरला एकट्यालाच पाठवायचे. दुसरा माणूस महाग पडतो. म्हणून शेजारच्या सीटचा बेल्ट मोकळाच लोंबत असायचा.

तर त्या शनिवारी रात्री साडू वर चालत निघाले.

दोन्हीकडे पॅनेलच्या रांगा, मध्ये खडी. टॉर्च फिरवली की काचांमधून शंभर टॉर्च फिरायच्या. अर्ध्या वाटेवरच त्यांना आवाज ऐकू आला. टुं टुं टुं. बेडूक वळणाच्या थोडा वर उभा होता. इंजिन बंद. किल्ली चालू.

साडूंनी आत टॉर्च मारली. समोर लाल दिवा लागला होता. ड्रायव्हरच्या सीटचा नाही. शेजारच्या सीटचा.

फिटर माणूस. भुताचा विचार शेवटी येतो, आधी शॉर्टसर्किटचा येतो. सीटखाली वजन कळणारी पट्टी असते, ती ओली झाली असेल, असं म्हणत त्यांनी सीट दाबून बघायला हात पुढे केला. आणि तसाच मागे घेतला.

सीटचं रेक्झिन दबलेलं होतं. माणूस उठून गेल्यावर दबलेलं राहतं, तसं नाही. माणूस बसल्यावर दबतं, तसं.

"ओलं झालंय," साडू मोठ्याने म्हणाले. तिथं ऐकायला कुणी नव्हतं.

त्यांनी वाकून बझरची वायर शोधली. पक्कड लावली. तोडली.

टुं टुं टुं.

पुन्हा टॉर्च मारून बघितलं. वायरची दोन टोकं वेगवेगळी लोंबत होती. बझर वाजत होता.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही पळाले? मीही विचारलं होतं. म्हणाले, त्या ड्रायव्हरच्या वयाचा असतो तर पळालो असतो. माझ्या वयात माणूस भुताला कमी आणि साहेबाला जास्त भितो. त्यांनी टाकीवर बोटं वाजवून बघितली. अर्धी. खरं तर तिथंच नळ सोडून टाकी रिकामी करायला हवी होती. पण पाणी टँकरने आणलेलं, सांडलं तर साहेब ओरडणार. पाणी विकत आणावं लागतं. माणसं काय, गेटवर उभी असतात.

ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले. पाठीला बांधलेल्या बेल्टचा खटका टोचला. शेजारी बघायचं नाही, असं ठरवून त्यांनी गाडी सुरू केली.

उतार. खडी करकरत होती. मागे टाकीत पाणी हेलकावत होतं. आणि शेजारी तो आवाज. टुं टुं टुं. साडूंनी मान सरळ ठेवली. समोर दिव्यांच्या उजेडात रस्ता, उजेडापलीकडे काही नाही.

वळण जवळ आलं.

बझर थांबला.

...बझर कधी थांबतो, सांगितलं ना मी मघाशी?

शेजारच्या बेल्टचा खटका बसल्याचा आवाज त्यांनी ऐकला. सावकाश, नीट बसवलेला. प्रत्येक रांगेला कुणीतरी बसवायचा तसा.

साडूंचा पाय ब्रेकवर होता, दाबला जाईना...

मग त्यांच्या स्वतःच्या पाठीमागे काहीतरी तुटलं. प्लास्टिक तुटल्यासारखं. पाठीला टोचणारा खटका नाहीसा झाला. आणि खांद्यावरून... छातीवरून... काहीतरी सरकत आलं. कमरेपाशी बसलं. खट्.

त्यांनी खाली बघितलं नाही.

वळण आलं. मागचं पाणी बाहेरच्या बाजूला गेलं. बेडूक त्याच्या मागे गेला. आधी एक चाक उचललं. मग दुसरं. जमीन उजवीकडून वर यायला लागली, आणि साडूंचा उजवा पाय...

पाय बाहेर गेला. त्यांना सगळं माहीत असून. त्याच वळणावर, त्याच गाडीतून, एक माणूस स्वतःच्या मांडीवर मरताना बघून. तरी गेला.

गुडघ्याखाली कुणीतरी धरलं.

गार हात. मोठा. बोटं पोटरीभोवती पूर्ण फिरली. आणि पाय आत ओढला, असा ओढला की गुडघा हनुवटीला लागला. पुढच्या क्षणी जिथं पाय होता तिथं लोखंडी पाइप खडीत घुसला.

मग शांत.

गाडी कुशीवर पडली होती. साडू बेल्टमध्ये लटकत होते. टाकी फुटली होती आणि गार पाणी त्यांच्या अंगावरून वाहत होतं. सगळे अवयव जागेवर. ओठ फुटला होता, बस. त्यांना शेजारून, म्हणजे आता वरून, श्वास ऐकू येत होता. जड. थांबून थांबून. तसा श्वास त्यांनी आधी एकदा ऐकला होता.

"लंबू..." ते म्हणाले.

काही नाही.

"माझं चुकलं रे."

पाणी ठिबकत होतं.

मग अगदी कानाशी...

"घरी सांगा."

एवढंच. श्वास थांबला. साडू किती वेळ तसे लटकत होते, त्यांना माहीत नाही. मग खटका उघडून ते बाहेर पडले आणि चालायला लागले. गॅरेजकडे नाही. गेटमधून बाहेर. वॉचमन हाका मारत राहिला. ओले कपडे, ती थंडी, आणि प्लांटपासून गावापर्यंतचा सगळा डांबरी रस्ता. पुढे त्यांनी चौकशीवाल्यांना सगळं लिहून दिलं. उत्तर आलं, प्रकरण बंद झालं आहे. नोकरी गेली. साहेबांची बढती होऊन ते मोठ्या प्लांटवर गेले. हा जो तुमचा परवाचा प्लांट आहे ना, तोच. पण ते नंतरचं. आधी त्या पहाटेचं ऐका.

लंबूची बायको गावात एका चाळवजा इमारतीत तळमजल्यावर राहायची. एक खोली, पुढे फरशीचा छोटा ओटा, समोर डांबरी गल्ली. साडू पोहोचले तेव्हा उजाडत होतं. दार उघडंच होतं. ती शिवणाच्या मशीनपाशी खुर्चीवर बसली होती, हात मांडीवर. तिने त्यांना बघितलं, त्यांचे ओले कपडे बघितले, आणि उठली नाही.

साडू दाराबाहेरच उभे राहिले. त्यांनी सगळं सांगितलं. जाळ्या कुणी काढल्या, बेल्ट कुणी बांधला, कुणाच्या सांगण्यावरून बांधला, रात्रीतून परत कसं बसवलं. "वहिनी, त्याने तुम्हाला कधी खोटं सांगितलं नाही. तो रोज लावायचा. मी बांधून टाकला. त्याला लावताच येणार नाही, असा मी बांधून टाकला."

ती म्हणाली, "मी त्यांना किती बोलले, भाऊ. मेल्यावर."

तिने नजर खाली नेली.

"तुमच्या एका शब्दासाठी मी त्यांना इतके महिने शिव्या दिल्या."

साडूंनी हात जोडले. तिने ते हात बघितलेसुद्धा नाहीत. ती जमिनीकडे बघत होती.

"आत या," ती म्हणाली. "पण बघून पाऊल टाका. पुसायचं नाही ते."

तेव्हा साडूंनी खाली बघितलं.

ओट्यावरून, उंबरा ओलांडून, आतल्या फरशीवर चिखलाचे ठसे उमटले होते. करड्या चिखलाचे, प्लांटवरच्या खडीची भुकटी ओली झाली की होतो तसल्या. त्या गल्लीत सगळीकडे कोरडं डांबर होतं. ठसे बुटाचे होते, लांबलचक, अजून ओले. सगळे फक्त डाव्या पायाचे.

"रात्री कडी लावून झोपले होते," ती म्हणाली. "पहाटे उठले तेव्हा कडी तशीच होती."

साडूंनी ठशांवरून नजर नेली. ते दारापासून मशीनपर्यंत गेले होते आणि मशीनपाशी थांबले होते. त्यांनी पुन्हा मशीनपासून दारापर्यंत बघितलं, मग ओट्यावर वाकून बघितलं, गल्लीत जाऊन बघितलं.

सगळे ठसे आत येणारे होते. बाहेर जाणारा एकही नव्हता.